पडवळाचे आठ दिवस

एकदा एका सुताराला सरळ रेषेचे वेड लागले. सुताराला सरळ रेषेचे वेड असावे यात नवल नाही. वाकडी रेघ मारणाऱ्याकडे दार करायला कोण टाकतो? पण या सुताराला लाकडावरची रेघ पुरेना. त्याला सगळ्या जगाचीच रेघ मारायची होती.

त्याचे नाव त्रिंबक. वय चोवीस, हात कुशल, नाक किंचित वर. घरी तो आणि त्याची आई. त्याच गावात एक वृद्ध गुरुजी राहत. शाळा सोडून त्यांना दहा वर्षे झाली होती. तोंडात चार दात उरले होते आणि डोक्यात चाळीस खोड्या. काम संपले की त्रिंबक त्यांच्या ओटीवर जाऊन बसे आणि लहानपणी शाळा बुडवून जे चुकवले होते ते मोठेपणी स्वखुशीने शिके.

एके दिवशी गुरुजी म्हणाले, "त्रिंबका, वाढणाऱ्या वस्तूची कुंडली मांडता येते. दोनच गोष्टी विचारायच्या. आरंभी किती होती आणि रोज किती वाढते. रोजच्या वाढीला दिवसांनी गुणायचे, त्यात आरंभीचे मिळवायचे. दिवसांना म्हणू क्ष, होणाऱ्या लांबीला म्हणू य. झाले समीकरण. कागदावर मांडलेस तर रेघ सरळ येते."

सरळ येते हे ऐकताच त्रिंबकाचे डोळे लकाकले. म्हणजे उद्याचे माप आजच घेता येते? तो घरी गेला तो क्ष घेऊनच.

आईने विचारले, "हा क्ष कोण?"

"क्ष म्हणजे कोणीही, आई."

"कोणीही असू दे. जेवायला थांबणार आहे का तेवढे सांग."

पुढच्या महिन्याभरात त्रिंबकाने गावात एकही वाढणारी वस्तू मोकळी सोडली नाही. शेजारच्या काशीकाकूंचा नातू वर्षाला किती वाढतो ते मोजून त्याने सांगितले, की साठीला हा माडाएवढा होईल. काकू म्हणाल्या, "बरे झाले. नारळ पाडायला माणूस शोधायला नको." देवळातल्या पुजाऱ्याच्या कंबरेचा घेर दर वर्षी दोन बोटे वाढतो असे त्याला आढळले. त्यावरून त्याने समीकरण मांडले, की नऊ वर्षांनी पुजारीबुवांना गाभाऱ्याच्या दारातून आत जाता येणार नाही. पुजारीबुवांनी खूप विचार केला आणि हळूच विचारले, "आणि मी आत असतानाच नऊ वर्षे पूर्ण झाली तर?" त्या दिवशी त्यांनी दुपारचा भात निम्मा घेतला.

शेवटी त्रिंबकाने गुरुजींच्या डोक्यालाच हात घातला. "तुमचे केस आज एकशे दहा आहेत. रोज दोन गळतात. पंचावन्न दिवसांनी शून्य."

"आणि छपन्नाव्या दिवशी?"

"उणे दोन."

"उणे केस म्हणजे काय रे? डोक्याच्या आतल्या बाजूने उगवणार?"

त्रिंबक गुरुजींच्या डोक्याकडे निरखून बघू लागला.

"तुला तसेच उगवलेले दिसतात," गुरुजी म्हणाले. "म्हणून आत हवा पोचत नाही. अरे, रेघ कागदावर हवी तेवढी ओढता येते. ज्याची रेघ ओढतोस त्याचा कागद केवढा आहे, ते आधी बघावे."

त्रिंबकाने मान डोलावली. मान डोलावण्यात तो गावात पहिला होता.

आता या गावात भाजी-बियाण्यांचा एक व्यापारी होता. सारा गाव त्याला शेट म्हणे. शेटला एक मुलगी, आवडी. तिच्यासाठी त्रिंबकाने शेटच्या दुकानाचे दार त्या वर्षी चार वेळा दुरुस्त केले होते. दाराला काही झालेले नव्हते. हे शेटला ठाऊक होते, आवडीला ठाऊक होते, दाराला तर होतेच.

दर वर्षी देवीच्या जत्रेला शेटच्या परसातले पडवळ वाहायची रीत होती. पडवळ त्याच सकाळी वेलीवरून उतरवायचे. ते तुटता कामा नये, वाकता कामा नये, कापता तर मुळीच कामा नये. पोफळीच्या खोडाची पन्हळ कोरून, तिच्या दोन्ही टोकांना फळीचे तुकडे बसवून, तीत पडवळ निजवायचे आणि दोघांनी खांद्यावरून टेकडीवर न्यायचे. पन्हळ मात्र जत्रेच्या आठ दिवस आधीच कोरायला घ्यावी लागे. कोरलेल्या लाकडाला तेल पाजून उन्हात ठेवावे लागे. म्हणजे बिछाना आधी आणि निजणारा मागाहून. त्यामुळे माप अंदाजाने घेत. गेल्या वर्षी पन्हळ दोन हात जास्त झाली. चढणीवर पडवळ आतल्या आत घसरले, टोकावर आपटले आणि त्याचे दोन तुकडे झाले. तेव्हापासून गावातले लोक शेटला पाठीमागून दोनतुकडे शेट म्हणत. काही जण पुढूनही म्हणत.

शेटने त्रिंबकाला बोलावून घेतले.

"यंदा पडवळाला कूस बदलायलाही जागा नको," तो म्हणाला. "पन्हळ अशी पाहिजे की जणू पडवळ तीतच जन्मले. ते आख्खे देवीपुढे गेले, तर तिथल्या तिथे तुझी आणि आवडीची सुपारी फोडू. तुटले, वाकले किंवा कापावे लागले, तर नदीपलीकडच्या गिरणीवाल्याचा निरोप आलेला आहे. तो मी जपून ठेवलाय."

"शेट, मापाची चिंता सोडा. माझ्याकडे समीकरण आहे."

"ते असू दे. पन्हळ कर. आणि एक सांगतो. सुपारी फुटेपर्यंत माझ्या परसात पाऊल टाकायचे नाही. माप आवडी घेईल."

त्रिंबकाने एक पट्टी करून तिच्यावर बोटाबोटाच्या खुणा कोरल्या आणि आवडीकडे पाठवली. पडवळ तर वेलीला लोंबत होतेच. ते वाकडे होऊ नये म्हणून त्याच्या शेपटाला दोरीने एक दगड बांधलेला होता. त्रिंबकाला वाटे, गुरुजींचे समीकरण म्हणजे असाच एक दगड आहे. तो बांधला की कितीही वेडेवाकडे जग मुकाट्याने सरळ वाढते.

गावचा बाजार मंगळवारी भरे. जत्रेच्या आधीच्या मंगळवारी आवडी वांग्यांच्या ढिगामागे बसली होती. त्रिंबक वांगी निवडू लागला. त्याला वांगे आवडत नसे.

"गेल्या बाजारी चौदा बोटे होते," आवडी वांग्यांकडे बघत म्हणाली. "आज सकाळी मोजले. बेचाळीस."

"म्हणजे आठ दिवसांत अठ्ठावीस."

"हो. आणि पुढच्या बाजारी जत्रा. अजून एक बाजार, अजून अठ्ठावीस. बेचाळीस नि अठ्ठावीस, सत्तर. सत्तर बोटांची पन्हळ करा, म्हणजे झाले."

त्रिंबक हसला. लहान मूल गोड काही बोलले की मोठी माणसे हसतात, तसा.

"आवडे, असे तोंडी नाही चालत. याला पद्धत असते." त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि वांग्यांच्या करंडीच्या फळीवरच मांडणी सुरू केली. "आठ दिवसांत अठ्ठावीस. आठाने भागले. रोजची वाढ आली साडेतीन."

साडेतीन हा आकडा दिसला आणि त्याच्या अंगावर काटा उभा राहिला. मुहूर्त साडेतीन, देवीची पीठे साडेतीन, आणि देवीच्या पडवळाची रोजची वाढही साडेतीन. हे चुकणे शक्यच नव्हते.

"आता आरंभापासून धरायचे. पहिले माप घेतले तिथपासून जत्रा पंधरा दिवसांनी. पंधरा दिवसांचे, रोज साडेतीनप्रमाणे, साडेबावन्न. त्यात आरंभीचे चौदा. साडेसहासष्ट."

"माझे सत्तर आले."

"तुझे तोंडाने आले. माझे समीकरणाने."

"पडवळाला कळेल ना समीकरण?"

"त्याला कळायची गरज नाही. त्याने फक्त वाढायचे."

"बरे," आवडी म्हणाली. "वांगी घेणार आहात की नुसतीच कुरवाळणार?"

शेजारी गुरुजी मिरच्या निवडत उभे होते. त्यांनी सगळे ऐकले होते. कान मात्र त्यांचे चांगले होते. त्यांनी फळीवरची मांडणी डोळे बारीक करून वाचली.

"कितीने भागलेस?"

"आठाने, गुरुजी."

"वा," गुरुजी म्हणाले आणि मिरच्या घेऊन चालू लागले.

त्याच दुपारी त्रिंबक अंगणात खोड कोरत बसला होता, तेव्हा गुरुजी खांद्यावर वळकटी टाकून दारात हजर झाले.

"आठ दिवस तुझ्याकडे राहायला आलोय."

"या की. पण असे अचानक?"

"माझ्या घरी उंदीर फार झालेत. त्यांना थोडा एकांत पाहिजे म्हणतात."

गुरुजींनी ओटीवर वळकटी सोडली आणि पिशवीतून मूठभर सुपाऱ्या काढून त्रिंबकाला दाखवल्या. "मी इथे आठ दिवस राहणार. या आठ सुपाऱ्या. एकेक दिवस पदरात पडला, की एकेक सुपारी त्या कोनाड्यात ठेवीन."

"मग आजची ठेवा."

"आज मी नुकता आलोय. अजून झालेय काय?"

त्रिंबकाने मान डोलावली आणि कोरकाम पुढे चालू केले.

बुधवारी सकाळी उठल्या उठल्या गुरुजींनी पहिली सुपारी कोनाड्यात ठेवली. गुरुवारी दुसरी. मधल्या वेळेत त्यांनी त्रिंबकाच्या आईकडून एकदा घावन, एकदा अळूचे फदफदे आणि दोनदा खांडवी करवून घेतली. त्रिंबकाची पेन्सिल ते स्वतःच्या कानावर ठेवून दिवसभर त्याला शोधू लागत. रोज सकाळी मात्र न चुकता एक सुपारी, आणि न चुकता तोच प्रश्न, "त्रिंबका, आज कितवा दिवस?" त्रिंबक म्हणे दुसरा, तिसरा, चौथा. गुरुजी कोनाड्याकडे बघून हसत.

आई एकदा हळूच म्हणाली, "तिंबा, या माणसाला चार दात. सुपाऱ्या कशाला जमवतात रे?"

"थोर माणसांचे असेच असते, आई."

"थोर आहेत हे खरे. कालपासून तांदूळ निम्म्यावर आले."

पन्हळ सुरेख झाली. आतून आरशासारखी गुळगुळीत, बाहेरून वेलबुट्टी, दोन्ही टोकांना शिसवीच्या फळ्या लाकडी खुंट्यांनी बसवलेल्या. आतली लांबी साडेसहासष्ट बोटे, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. तेल पिऊन ती अशी चमकत होती, की सोमवारी त्रिंबकाने तीत आपले तोंड पाहिले. तोंडावर त्याला बाशिंगही दिसले.

मंगळवारी जत्रेच्या सकाळी शेटचे परस सर्वांना मोकळे झाले. मांडवाखाली गाव जमला. हिरव्या अंगावर पांढरे पट्टे ओढलेले पडवळ लांबलचक लोंबत होते, आणि इतके सरळ, की त्रिंबकाला ते आपलेच काम वाटले. शेटने हात जोडून देठ कापला. आवडीने शेपटाचा दगड सोडला. दोरी तिच्या हातात राहिली. दोघांनी पडवळ तळहातांवर तोलून पन्हळीत उतरवले. डोके बसले. अंग बसले. शेपूट मात्र टोकाच्या फळीवर चढून बसले आणि बाहेर डोकावू लागले.

कोणीतरी पट्टी लावली. सत्तर.

मांडवाखाली पडलेली शांतता फार वेळ टिकली नाही. आपल्याकडे टिकत नाही.

"किंचित वाकवा," पुजारीबुवा म्हणाले.

"शेंडा कापा," काशीकाकू म्हणाल्या. "देवीला काय कळतेय?"

"देवीला कळते, काकू. तुम्हाला कळत नाही," शेट म्हणाला.

मागून कोणी तरी म्हणाले, "यंदा तीनतुकडे शेट." हसण्याची एक लाट आली आणि शेटचा चेहरा बघून परत गेली.

त्रिंबकाने आवडीकडे पाहिले. ती सत्तर म्हणाली नाही. नुसती दोरी बोटाला गुंडाळत उभी राहिली. ती म्हणाली असती तर बरे, असे त्याला वाटले. त्याने बाहेर आलेले शेपूट पट्टीने मोजले आणि एकदम त्याचा जीव भांड्यात पडला.

"शेट, समीकरण बरोबर आहे. बाहेर आलेय साडेतीन बोटे. म्हणजे नेमकी एका दिवसाची वाढ. हे पडवळ एक दिवस जास्त वाढले."

"म्हणजे चूक पडवळाची?"

"तसे म्हणायला हरकत नाही."

"मग त्याला शिक्षा काय करू?" शेट म्हणाला. "उठाबशा काढायला लावू?" मग त्याचा आवाज बदलला. "त्रिंबका, पन्हळ तू केलीस, शब्द तू दिलास. गिरणीवाल्याला आज संध्याकाळी उत्तर जाईल."

एवढ्यात गर्दीतून वाट काढत गुरुजी आले. खांद्यावर वळकटी, हातात उपरण्याची गाठोडी. मागे त्रिंबकाची आई.

"त्रिंबका, निघतो बाबा. आठ दिवस झाले. उंदीर वाट बघत असतील."

"गुरुजी, इथे माझ्या जन्माचे..."

"जन्माचे नंतर बघू. आधी एवढे मोजून दे." त्यांनी गाठोडी सोडली. आत कोनाड्यातल्या सुपाऱ्या होत्या.

गुरुजींना नाही म्हणायची त्रिंबकाला सवय नव्हती म्हणून त्याने मोजल्या. "सात."

"मी राहिलो किती दिवस?"

"आठ."

"मग एक तुझ्या आईने खाल्ली."

"मी तंबाखू खाते," आई म्हणाली. "सुपारीला हात लावत नाही."

त्रिंबक बोटांवर मोजू लागला. मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, रवी, सोम, मंगळ. आठ तर होते. मग पहिल्या मंगळवारची सुपारी? आणि त्याला गुरुजींचे शब्द आठवले. आज मी नुकता आलोय. अजून झालेय काय? त्याचे बोट हवेतच राहिले.

"गेल्या साली याच परसात तू मांडव घातलास," गुरुजी म्हणाले. "एका रांगेत आठ मेढी रोवल्यास. मेढींच्या मधले गाळे किती होते?"

"सात," त्रिंबक विचार न करता म्हणाला.

"लगेच आले की."

"ते लाकूड आहे, गुरुजी."

"तेच म्हणतोय. लाकडात तू शहाणा आहेस." गुरुजी पन्हळीशेजारी उकिडवे बसले आणि आवाज खाली आणून बोलू लागले. "आपली बोली मोठी उदार आहे. माणूस मंगळवारी गेला आणि पुढल्या मंगळवारी आला, तर दोन्ही मंगळवार त्याच्या पदरात टाकून ती म्हणते, आठ दिवसांनी आला. दोन बाजार गेले, तर म्हणते पंधरा. आठ नि आठ सोळा होतात हे मी तुला दुसरीत शिकवले होते. सोळावा गेला कुठे, हे तरी विचारायचेस. मधला मंगळवार दोनदा कोण मोजणार, म्हणून गेला. बोलण्यात यामुळे काही बिघडत नाही. पाहुण्याला उगाच एक दिवस जास्त राहिल्यासारखे वाटते, एवढेच. पण पडवळाला बोली येत नाही. माप घ्यायला तुम्ही येता ते मेढीपाशी. वाढ होऊन गेलेली असते गाळ्यात. माझी सुपारी गाळ्याची होती. तू मेढींनी भागलेस. आता गाळ्यांनी भाग."

"अठ्ठावीसला साताने," त्रिंबक पुटपुटला. "चार."

"पहिल्या मापापासून आजवर गाळे?"

"सात नि सात, चौदा. चौदा चोक छपन्न. आरंभीचे चौदा." पुढचा आकडा त्याच्या तोंडून फार हळू निघाला. "सत्तर."

"तुझे समीकरण निर्दोष होते. त्याच्या तोंडात संख्या घालायची होती, तू शब्द घातलास."

"मग हे त्याच दिवशी का नाही सांगितलेत?"

"सांगितले असते, तर तू मान डोलावली असतीस," गुरुजी म्हणाले. "आणि मला घावन मिळाले नसते."

"शिकवणी झाली असेल, तर माझ्या पडवळाकडे बघा," शेट म्हणाला. "टेकडीवर नगारा वाजायला लागलाय."

पण त्रिंबक आधी शेटकडे वळला. सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलणे त्याला अवघड गेले, तरी तो बोलला. "शेट, आवडीने बाजारात सत्तरच सांगितले होते. मी हसलो."

"हसलास?"

"हसलो. ते समीकरणापेक्षा जास्त चुकले."

शेट मुलीकडे वळला. "तुला गं कसे आले सत्तर?"

"मी दिवस मोजलेच नाहीत," आवडी म्हणाली. "बाजार मोजले."

गुरुजींनी तिच्याकडे असे पाहिले, जसे ते चाळीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याकडे पाहू शकले नव्हते. मग त्यांनी त्रिंबकाला विचारले, "काय रे, आठांचे सात कसे केलेस?"

"एक टोक सोडून दिले."

हे बोलल्यावर त्रिंबकाने आपलेच वाक्य पुन्हा ऐकले. त्याने पन्हळीकडे पाहिले. दोन टोके, दोन फळ्या. कमरेची पटाशी काढून त्याने शेपटाकडच्या फळीच्या खुंट्या दोन ठोक्यांत सैल केल्या. शिसवीची फळी, वेलबुट्टीसकट, खाली पडली. पडवळाचे शेपूट टेकले आणि साडेतीन बोटे बाहेर काढून ते पन्हळीत असे निजले, की जणू उकडते म्हणून पाय पांघरुणाबाहेर टाकले आहेत.

"चढणीवर घसरले तर?" शेटच्या डोळ्यांपुढे गेले वर्ष उभे होते.

आवडी पुढे झाली. हातातली दोरी तिने शेपटाला आणि पन्हळीला मिळून एक वेढा घालून बांधली. "इतके दिवस हिने त्याला ओढले," ती म्हणाली. "आज धरील."

पडवळ टेकडी चढले. मागे गाव, पुढे शेट, पन्हळीच्या बाजूने त्रिंबक, एक डोळा दोरीवर आणि एक दोरी बांधणारीवर. ते आख्खे, सरळ, न कापलेले देवीपुढे गेले. पुजारीबुवांनी बाहेर आलेले शेपूट मोजले, साडेतीन भरले, आणि हे फारच शुभ असल्याचे त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केले. शेटने आजूबाजूला पाहिले. पाठीमागूनही कोणी दोनतुकडे म्हणाले नाही.

"मग सुपारी आणा," शेट म्हणाला.

सात सुपाऱ्या त्रिंबकाच्या आईने पदराच्या गाठीत बांधून आणल्या होत्या. तिने गाठीला हात घातला, पण गुरुजींनी तिला थांबवले आणि आपली मूठ उघडली. आठवी सुपारी तळहातावर होती.

"ही पहिल्या मंगळवारची," ते म्हणाले. "त्या दिवशी काही झाले नव्हते, म्हणून ठेवली नव्हती. आज झाले."

अडकित्ता आला, सुपारी फुटली, खांडे वाटली गेली. गुरुजींच्या वाटणीचे खांड चार दातांमुळे कुटून आणावे लागले. पुजारीबुवांनी मांडी घालून, शक्य तितकी घालून, पंचांग उघडले आणि बोट फिरवत म्हणाले, "लग्नाला मुहूर्त चांगला आहे. आजपासून पंधरा दिवसांनी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्रिंबकाने डोलावली नाही. तो मनात गाळे मोजत होता. मग तो आवडीच्या बाजूला किंचित सरकला आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "म्हणजे चौदा."

आवडी खाली बघत होती. "चौदाच," ती म्हणाली.